डोंगराचा आकडा वाडीपर्यंत आला पाहिजे



सिक्कीममध्ये सुमारे 5,200 मीटर उंचीवर दक्षिण ल्होनक नावाचं तळं आहे. हिमनदी वितळत मागे सरकली, तिनं आणून टाकलेल्या दगडमातीचा बांध पुढे राहिला आणि त्यामागे पाणी साठत गेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर कुणी धुम्मस न केलेला मातीचा तलाव. हे तळं फुटू शकतं, असं शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत होते. 2016 मध्ये पाणी उपसायला पाइपही टाकले गेले. 28 सप्टेंबर 2023 ला उपग्रहाच्या चित्रात तळं 167 हेक्टर भरलं. 3 ऑक्टोबरच्या रात्री काठाचा उतार तळ्यात कोसळला, लाट उठली, बांध फुटला. दुसऱ्या दिवशी तळं उरलं 60 हेक्टर. तीस्तेच्या पुरात खाली चुंगथांगचं 60 मीटर उंचीचं धरण गेलं, माणसं गेली. मोजमाप होतं, खालच्या गावांना वेळेत उठवणारी यंत्रणा पुरी झालेली नव्हती.

तुम्ही म्हणाल, आपल्या सह्याद्रीत बर्फ कुठे? बर्फ नाही, पण उतार आहे आणि पाणी आहे. कातळावर मातीचा थर असतो. पाऊस लागून राहिला की पाणी मातीत मुरतं, कातळापाशी अडतं, माती जड होते आणि घसरते. 30 जुलै 2014 ला माळीण गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचं नावच नव्हतं.

यादी कचेरीत बसून होत नाही. जमिनीला भेग पडली, झाडं-खांब कलले, झरा एकाएकी गढूळ झाला किंवा आटला, हे पहिल्यांदा दिसतं गुराख्याला आणि पाण्याला गेलेल्या बाईला. तिची नोंद घ्यायला वही कुठे आहे?

म्हणून आम्ही तीन मागण्या मांडतो. कड्याखालच्या प्रत्येक वाडीत पर्जन्यमापक आणि भोंगा द्या. दरडप्रवण गावांची यादी पावसाळ्याआधी ग्रामसभेत वाचा, आणि सुटलेलं नाव तिथंच चढवा. वाडी हलवायची तर शेताजवळ हलवा. शेत सुटलं की माणूस पुन्हा कड्याखालीच येतो.

मंजूर असेल तर हात वर करा.