अंबर : एक रूप, अनेक कुळे



ज्या गावी आज आपण एकत्र जमलो आहोत, त्याचे नाव दोन रीतींनी लिहिलेले आढळते. देवनागरीत ते ‘आमेर’ असते. रोमन लिपीत मात्र पुष्कळदा त्यात एक ‘ब’ असतो, आणि इंग्रजी जाणणारा प्रवासी ते ‘अँबर’ असे वाचतो. इंग्रजीत अँबर म्हणजे प्राचीन वृक्षांच्या राळेचा अश्मरूप झालेला पिवळसर खडा. समोरच्या राजवाड्याच्या भिंती उन्हात मधाच्या रंगाच्या दिसतात. तेव्हा नाव त्यावरूनच पडले असावे, असे त्याला सहज वाटते. ही समजूत मोहक आहे, परंतु निराधार आहे.

1727 मध्ये सवाई जयसिंगाने जयपूर वसविले, तोवर आमेर ही कछवाह राजांची राजधानी होती. तिच्या नावाचा संबंध कोणी येथील अंबिकेश्वर महादेवाशी जोडतात, कोणी अंबामातेशी, तर कोणी पुराणातील अंबरीष राजाशी. मते तीन असली तरी तिन्हींत ‘ब’ आहे. तो इंग्रजांनी घुसडलेला नव्हे. येथील बोलीतून तो गळाला आहे, इतकेच. महाराष्ट्रातून आलेल्या श्रोत्यांना हे सांगण्याची फारशी गरज नसावी. त्यांचा ‘आंबा’ हिंदीत ‘आम’ होतो, त्यांचे ‘जांभूळ’ ‘जामुन’ होते, आणि ‘निंब’ ‘नीम’ होतो. (हा नियम सरसकट नाही. हिंदी भाषकही ‘लंबा’ असेच म्हणतात.) पुरंदरचा 1665 चा तह करणाऱ्या मिर्झाराजे जयसिंगांच्या गावाला मराठी इतिहासकार ‘अंबेर’ म्हणतात, त्याचे कारण हेच.

मराठीत ‘अंबर’ म्हटले की प्रथम आकाश आठवते, मग वस्त्र. पीतांबर आणि दिगंबर या दोन्ही शब्दांत वस्त्राचा अर्थ आला. दिगंबराला तर दिशा हेच वस्त्र. हा संस्कृत शब्द झाला. 1950 नंतरच्या दशकात खादीच्या कार्यात ‘अंबर चरखा’ गाजला, तेव्हा त्या नावात वस्त्राचा अर्थ अनेकांना दिसला असेल. वस्तुतः तो चरखा तयार करणाऱ्या तमिळनाडूतील एकांबरनाथांच्या नावावरून ते नाव पडले. एकांबरनाथ हे कांचीपुरमच्या शिवाचे नाव, आणि त्याचा संबंध तेथील एका आम्रवृक्षाशी लावतात : एक आम्र, एकांबर. अशा रीतीने चरख्याच्या नावाचा धागा वस्त्राकडे न जाता आंब्याकडे जातो.

तिसरे कूळ समुद्रातले आहे. अरबीत ‘अन्बर’ म्हणजे एका जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होणारे, लाटांबरोबर किनाऱ्यावर येणारे करड्या रंगाचे सुगंधी द्रव्य. युरोपीय भाषांनी हा शब्द उचलला. किनाऱ्यावरच सापडणाऱ्या पिवळ्या राळेलाही पुढे तेच नाव मिळाले, आणि इंग्रजीत अखेर राळेने ते बळकावले. आपल्याकडे या राळेची नावे अगदी वेगळी आहेत. घासल्यावर ती गवताची काडी ओढून घेते, म्हणून फारसीत ती ‘काहरुबा’ आणि संस्कृतात ‘तृणमणी’.

या अरबी शब्दाने दक्षिणेच्या इतिहासात एक मोठे नाव दिले आहे, आणि तेथे रूपसाम्याने होणारी गफलत केवळ कोशापुरती राहत नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मला. त्याचे मूळचे नाव चापू. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत बगदादला पोहोचला, आणि ‘अंबर’ हे नाव त्याला मालकाने दिले. गुलामांना सुगंधी द्रव्यांची वा रत्नांची नावे देण्याची तेव्हा रूढी होती : काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक. मौल्यवान मालाचे नाव मौल्यवान मालाला, असा तो हिशेब होता. पुढे भारतात निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. या माणसाने मुघल फौजांना वर्षानुवर्षे थोपवून धरले, जमीनमहसुलाची व्यवस्था लावली, आणि 1610 मध्ये खडकी हे नगर वसविले. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. 1626 मध्ये तो मरण पावला; त्याची कबर खुलताबादेस आहे.

त्याच्या नावाचा अर्थ ‘आकाश’ असा लावला की नाव भव्य होते खरे, परंतु बाजारात ज्याची किंमत ठरली तो मुलगा त्या नावातून नाहीसा होतो. चापू हे नाव आज बहुधा इतिहासाच्या अभ्यासकांनाच ठाऊक आहे. मालकाने दिलेले नाव मात्र त्याने खडकीला पाणी पुरविण्यासाठी बांधलेल्या भूमिगत नळयोजनेलाही चिकटले. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात.