मल्लखांबाचा पहिला दिवस

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने 1948 साली मध्यभारतात विलीन झाली. दरबार गेले, परंतु त्यांच्या आश्रयाने माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांची भाषा, सणवार आणि व्यायामाची आवड मागे उरली. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ऊर्जितावस्थेस आणलेला मल्लखांब हे त्याच आवडीचे एक देखणे रूप. 2013 मध्ये मध्यप्रदेशाने त्याला राज्याच्या खेळाचा मान दिला.

मान मिळाला, तरी खेळ टिकतो तो नव्या मुलांवर. आठ-नऊ वर्षांचे मूल प्रथमच खांबापुढे उभे राहते, तेव्हा अडीच मीटरहून उंच, वर निमुळता होत गेलेला तो गुळगुळीत सागवानी खांब त्याला ताडासारखा भासतो. त्या एका दिवसावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

पहिल्या दिवसाची तयारी काही आठवडे आधी सुरू व्हावी. देवासच्या मुलाला देवीची टेकडी आहे. ती रोज चढावी, म्हणजे मांड्या आणि दम दोन्ही तयार होतात. धारच्या मुलाला किल्ल्याची चढण आहे. सूर्यनमस्कार, दंड आणि बैठका यांना तर कोठेच मज्जाव नाही. प्रत्यक्ष त्या दिवशी नखे कापलेली असावीत. अंगठी, साखळी, घड्याळ, करदोडा घरीच ठेवावा. जेवण दोन-तीन तास आधी उरकावे. मुलांनी लंगोट व आखूड चड्डी, मुलींनी अंगाबरोबर बसणारा पोशाख घालावा. सैल कपडा खांबात अडकतो.

खांबाला एरंडेल चोळतात, ते कातडी सोलवटू नये म्हणून. तरीही मांड्यांच्या आतील बाजू पहिल्या दिवशी लाल होतात आणि दुसऱ्या दिवशी ठणकतात. ही गोष्ट मुलाला आधीच सांगितलेली बरी. न सांगितल्यास ते मूल त्या वेदनेला आपलाच कमकुवतपणा समजते आणि तिसऱ्या दिवशी पोटदुखीचे निमित्त शोधते.

खांबाला नमस्कार करून दोन्ही हातांची मिठी आणि पायांची आढी घालणे, हातभर वर सरकणे आणि अलगद खाली येणे, एवढा पहिला पाठ पुरे. त्यातही उतरण्याला अधिक महत्त्व द्यावे. हिमालयात गुलमर्ग किंवा औली येथे बर्फावरून घसरण्याचा खेळ शिकू पाहणाऱ्यालाही प्रथम पडावे कसे, उठावे कसे आणि थांबावे कसे, हेच शिकवतात. ज्याला सुखरूप खाली येता येते, त्याला वर जाण्याचे भय उरत नाही.

पुष्कळदा पालक भोवती उभे राहून शेजारच्या मुलाशी तुलना करतात, ‘घाबरट’ म्हणून हिणवतात. वास्तविक भय हा त्या वयाचा शहाणपणाच होय. खांबाभोवतीची माती भुसभुशीत आहे किंवा तेथे गादी अंथरली आहे, आणि वस्तादांचा हात पाठीशी आहे, हे मुलाने स्वतः चाचपून पाहिले की भय आपोआप ओसरते. पहिल्या दिवशी मूल किती उंच चढले, हे कोणी मोजू नये. दुसऱ्या दिवशी ते कोणी न बोलावता आखाड्यात आले, तर पहिला दिवस सार्थकी लागला असे समजावे.