बेळगावचं गाणं कुणाचं?

गिरणीतल्या भावांनो आणि बहिणींनो,

सीमेच्या सभेत नकाशा दाखवतात, खेड्यांची यादी वाचतात. ते झालंच पाहिजे. पण आज आम्ही बेळगावच्या गाण्याबद्दल बोलणार आहोत. कुणी म्हणेल, पोटाचा प्रश्न सोडून हे कशाला? अहो, आपल्या गिरणगावात चाळीचाळीत भजनी मंडळं उभी राहिली. अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्या डफावर माणसं जमली आणि मग मोर्चे निघाले. अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना’मध्ये बेळगावचं, कारवारचं दुःख आहे. गाण्याची किंमत कामगाराला शिकवावी लागत नाही.

आता बेळगावकडे या. मराठी संगीत रंगभूमी उभी करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. १८८० साली पुण्यात त्यांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि नाटकाची पदं घरोघरी गेली. रामकृष्णबुवा वझे सावंतवाडीकडचे. विद्येसाठी पोरवयात ग्वाल्हेरपर्यंत वणवण केली आणि पुढं बेळगावात बिऱ्हाड केलं. मास्टर दीनानाथांनी त्यांच्याकडून तालीम घेतली. बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. असं हे शहर. त्याला मराठीचा गंध नाही असं कुणी म्हणालं, तर ते कोण मानील?

पण आम्ही अर्धीच गोष्ट सांगून टाळ्या घेणार नाही. अण्णासाहेबांच्या पदांत साकी-दिंडी आहे, तशा कर्नाटकी चालीही आहेत. कुमारांच्या घरची भाषा कानडी. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले, देवासला राहिले, कबीर गायले आणि मराठी माणसानं त्यांना डोक्यावर घेतलं. कुंदगोळचे सवाई गंधर्व कानडी मुलखातले, पण मराठी नाटकं गाजवून गेले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी गदगचे. त्यांचे अभंग ऐकताना कुठला वारकरी त्यांची जन्मभाषा विचारत बसला? सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ तर उत्तरेतल्या किराण्याहून आलेले. मिरजेत राहिले आणि १९३७ साली दर्ग्याजवळच्या मातीत विसावले.

त्या मिरजेचीच आणखी एक गोष्ट. तिथले शिकलगार हत्यारांना धार लावणारे कारागीर. तलवारींचे दिवस सरले तसा हा हात तंबोरा-सतारीकडे वळला. पंढरपूरकडचा भोपळा आणायचा, वाळवायचा, कापायचा, तारा जुळवायच्या. गवयाचं नाव होतं, त्याच्या मागं घुमणाऱ्या तंबोऱ्यात कारागिराचा घाम असतो. हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. कापडावर शिक्का मालकाचा असतो, पण सूत कुणी ओढलं ते साच्यावरच्या माणसाला ठाऊक असतं.

मग बेळगावचं गाणं कुणाचं? ते गाणाऱ्याचं, ऐकणाऱ्याचं आणि वाद्य घडवणाऱ्याचं. त्यात मराठी आहे, कानडी आहे, मुसलमान आहे. कानडी कामगाराशी आमचं भांडण नाही. तो आमच्याच शेजारच्या साच्यावर उभा राहणारा गडी आहे.

भांडण आहे ते माणसांना न विचारता रेघ ओढणाऱ्यांशी. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं. त्याआधीच, १७ जानेवारीला, तिथं गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. इकडं मुंबईतही कामगारांची रक्तं सांडली. १९६० ला महाराष्ट्र झाला, पण बेळगाव बाहेर राहिलं. १९६७ ला महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ ला महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. इतक्या वर्षांत पोरं म्हातारी झाली.

सरकारी शिक्का बदलून शहराचं नाव बदलता येतं. २०१४ साली ते ‘बेळगावी’ करून झालं. पण आई ज्या भाषेत पाळणा म्हणते ती भाषा फर्मानानं बदलत नाही. म्हणून आमचं मागणं साधं आहे. मराठी पोराला मराठी शाळा, मराठी माणसाला मराठीत कागद आणि लोकांच्या इच्छेनं सीमा. उद्या बेळगाव महाराष्ट्रात आलं, तर तिथल्या कानडी पोराला कानडी शाळा मिळालीच पाहिजे, हेही आम्ही आजच बजावून ठेवतो. जो न्याय आपण मागतो तो दुसऱ्याला नाकारला, तर आपला आवाज बेसूर होईल.

तेव्हा भावांनो, पाळी सुटली की हे पत्रक शेजाऱ्याला वाचून दाखवा. तो कानडी असेल तर त्याला आधी दाखवा. आणि मग एका सुरात म्हणा:

बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!