कागद वेळेवर पुरे करा
(सिनेगॉगच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की पूर्वजांच्या आठवणी निघतात. त्या इतर वक्ते आमच्यापेक्षा चांगल्या सांगतील. मंडळाने आम्हाला दिलेला विषय रुक्ष आहे. इथले कागद भारतात आणि भारतातले कागद इथे इस्रायलमध्ये चालावेत म्हणून काय करावे, हा तो विषय. आम्ही वकील नाही. नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन वॉर्डात आयुष्य काढलेली माणसे आम्ही. पण आम्हा भावंडांनी या कामात ठेचा खाल्ल्या, त्या तुम्ही खाऊ नयेत म्हणून हे बोलणे.

कागद म्हटले की आपल्या जुन्या माणसांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती उगीच नाही. 1962 साली लग्नाच्या वेळी आजी-पणजीपर्यंत चौकशी करण्याचे नियम निघाले होते. 1964 साली आपल्या लोकांनी येरुशलायमला धरणे धरले, तेव्हा त्या नियमांतून आपल्या समाजाचे नाव गेले. 'तुम्ही कोण, दाखवा' हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

आमची गोष्ट अशी. 2011 साली आमची आई इथे वारली. अलिबाग तालुक्यातले आजोळचे घर आई आणि मामा अशा दोघांच्या नावावर होते. मामा तिकडेच राहिलेले, वय ब्याऐंशी. त्यांना घर विकून ठाण्याला मुलीकडे जायचे होते, कारण गुडघे गेलेले आणि दवाखाना लांब. आम्हा तिघा भावंडांच्या संमतीशिवाय विक्री होईना. मामा फोनवर म्हणायचे, "घाई नाही गं पोरींनो, सवडीने पाठवा." आम्ही सवडीनेच घेतले.

पहिली चूक. आम्ही इथल्या नोटरीसमोर कुलमुखत्यारपत्रावर सह्या केल्या. तांबडी फीत, तांबडा शिक्का, कागद कसा भारदस्त दिसत होता! तो परत आला. तिथल्या कचेरीतल्या माणसाने या नोटरीची सही ओळखायची कशी? त्याच्यासाठीच अपोस्टील नावाचा दाखला असतो. 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारातून तो निघाला. चौकोनी चौकट, फ्रेंच मथळा आणि खाली क्रमांकाने दहा बाबी : कोणत्या देशाचा कागद, सही कोणाची, कोणत्या अधिकाराने, शिक्का कोणाचा, असे. इस्रायलमध्ये हा करार 1978 पासून लागू आहे आणि भारतात 14 जुलै 2005 पासून. त्याआधी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात आणि शेवटी वकिलातीत कागद फिरवावा लागे. 1992 पर्यंत तर भारताची वकिलातही इथे नव्हती.

इथे कुठे जायचे ते लक्षात ठेवा. मिसराद हापनीमचा जन्म-मृत्यूचा दाखला हा सरकारी कागद, त्याला अपोस्टील परराष्ट्र खाते देते. नोटरीने केलेल्या कागदाला मात्र बेत मिशपात शालोममध्ये मिळते. दाखला हिब्रूत असेल तर आधी मूळ दाखल्याला अपोस्टील, मग नोटरीकडून भाषांतर, आणि त्या भाषांतराला पुन्हा दुसरे अपोस्टील. आम्ही भाषांतर आधी केले आणि दोनदा पैसे भरले.

भारतातला कागद इथे आणायचा असेल तर तिथले परराष्ट्र मंत्रालय अपोस्टील देते. महाराष्ट्रातला कागद त्याआधी राज्य सरकारकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. मंत्रालय कागद थेट हातात घेत नाही, नेमलेल्या सेवा केंद्रांतून घेते. सिनेगॉगचा लग्नाचा दाखला किंवा केतुबा आपल्यासाठी कितीही पवित्र असली तरी तो सरकारी कागद नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी चूक नावांची. अपोस्टील एवढेच सांगते की सही आणि शिक्का खरा आहे. आतल्या मजकुराची हमी ते घेत नाही. आमच्या आईचे गावच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर एक नाव, पुढे 'बाई' आणि मागे गावाचे 'कर'. भारतीय पासपोर्टवर 'कर' गळाले आणि वडिलांचे नाव आडनाव झाले. इथल्या तेऊदत ज़ेहूतवर हिब्रू उच्चार. तिथला माणूस म्हणाला, या तीन बायका कोण? आपल्यात हे जुनेच आहे. 1796 साली मुंबईचे पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर. ते आपल्याला ठाऊक आहे, कचेरीला नाही.

आणि लाज याची वाटली की वॉर्डात औषध देण्याआधी आम्ही पेशंटचे नाव, वडिलांचे नाव आणि केसपेपरचा नंबर ताडून पाहिल्याशिवाय गोळी हातावर ठेवत नसू. घरच्या कागदांकडे मात्र कधी तशा नजरेने पाहिले नाही. आई असती तर तिने स्वतः नोटरीसमोर 'ही सारी नावे माझीच' असे प्रतिज्ञापत्र एका सकाळी करून दिले असते. ती गेल्यावर आम्हाला जुने पासपोर्ट, शाळेचा दाखला आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जमवता जमवता सात महिने लागले.

तिसरी चूक. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिथे त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. आमचे पाकीट पोचले आणि मामांच्या कपाटात पाच महिने राहिले. त्यांना वाटले आम्ही कळवू, आम्हाला वाटले त्यांना ठाऊक असेल. दंड भरावा लागला, आणखी वेळ गेला.

कागद पुरा झाला तेव्हा मामा नव्हते. पावसाळ्यात त्याच घरात पडले आणि उठले नाहीत. इतकी वर्षे आम्ही परक्यांच्या आई-बापांना उचलले, आणि आमच्या मामांना उचलायला शेजारी आले. पुढे मामांचे वारस म्हणून मामेबहिणीचे कागद सुरू झाले ते पहिल्यापासून.

तेव्हा आमची विनंती एवढीच. आज ज्यांचे आई-वडील हयात आहेत, त्यांनी त्यांची ट्रंक उघडावी. सगळे कागद टेबलावर मांडून नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख एकमेकांशी ताडून पाहावी. फरक असेल तर एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र त्यांच्याच सहीने आत्ताच करून घ्यावे. कागद पाठवण्याआधी ज्या कचेरीला द्यायचा तिलाच विचारावे की तुम्हाला नेमके काय हवे. ते लेखी मिळाले तर उत्तम. पाठवल्यावर पोचल्याची तारीख लिहून ठेवावी आणि तीन महिने मोजावेत. आणि ज्यांना लेकरे नाहीत किंवा हिब्रू वाचवत नाही, त्यांनी संकोच न करता आम्हाला हाक मारावी. शब्बाथची प्रार्थना झाली की आम्ही मागच्या बाकावर असतो. कागद मात्र शब्बाथ सुटल्यावर पाहू.

वडीलधारे "घाई नाही" म्हणतात, ते आपल्याला त्रास होऊ नये म्हणून. त्यांचे ते ऐकू नका.