सावरणारं कुणी नसलेला आवाज

मुक्ताईनगरात भजन रंगलं की गाणारा आवाज उंच चढवतो आणि टाळकरी त्याला सावरून घेतात. आज मात्र एका एकट्या आवाजाविषयी. लॉस एंजेलिसच्या 'द गन क्लब' या बँडचा 'फायर ऑफ लव्ह' हा अल्बम १९८१ साली आला. त्यात पंकचा वेग आहे, अमेरिकी खेड्यातल्या कंट्री संगीताचा लहेजा आहे आणि गिटारवर घसरत जाणारे सूर आहेत. गायक जेफ्री ली पियर्स सुरावर टेकतच नाही. विव्हळतो, ओरडतो, अंधारात वाट चुकलेल्या माणसासारखा हाका मारतो. रॉबर्ट जॉन्सननं १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं एक ब्लूज गाणंही तो इथं गातो. लय धावते, पण त्यातलं भय जराही उणं होत नाही; मला तर ते अधिकच अंगावर येतं. पियर्स १९९६ मध्ये गेला, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी.