संगीताच्या तासाचे मोल



संगीताचा तास म्हणजे निव्वळ करमणूक, ही समजूत अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. म्हणून एक सत्यकथा आपणांपुढे ठेवतो.

१९७५ ते १९७९ या काळात कंबोडियात ख्मेर रूज राजवटीच्या अमलाखाली सुमारे १७ लाख माणसे प्राणांस मुकली. बट्टमबांगच्या कलावंत घराण्यातील आर्न चोर्न-पाँड हा बालक तेव्हा मुलांच्या श्रमछावणीत होता. छावणीच्या अधिकाऱ्यांना प्रचारगीते वाजविणारी मुले हवी होती. आर्न छावणीतच खिम हे आपल्या संतुरासारखे वाद्य शिकला. ते त्याला लवकर साधले, म्हणूनच आपण जगलो, असे ते आजही सांगतात.

परंतु हेही ध्यानी घ्यावे, की त्याच वाद्यांच्या नादात मरणाऱ्यांचा आक्रोश बुडविला जाई. सूर कोणाच्या कामी लागतो, यावर त्याचे पुण्य अवलंबून असते. पुढे अमेरिकेत आश्रय मिळालेल्या आर्न यांनी मायदेशी परतून हयात उस्तादांचा शोध घेतला आणि १९९८ मध्ये संस्था स्थापून त्यांच्यापुढे पुन्हा मुले बसविली.

आपल्या शाळेत पेटी नसेल. टाळ आहेत, गळा आहे. तो तास गणिताला देऊ नका. प्रत्येक मुलाला एक तरी कला नीट येऊ द्या.