पियानो थांबतो तेव्हा

गाण्याच्या बैठकीत जाणकाराची दाद कुठे येते, हे तुम्ही पाहिलं असेल. समेला तर ती येतेच. पण कधी गायक सूर सोडून क्षणभर थांबतो, आणि नेमकी त्या शांततेत ‘वा’ उमटते. तो कान घेऊन आज आपण केइको मात्सुई या जपानी पियानोवादिकेकडे जाऊ.

त्यांचा जन्म १९६१ सालचा, टोकियोतला. मुलाला सहावं वर्ष लागलं की जूनच्या सहा तारखेला कलेचा श्रीगणेशा करावा, असा जपानमध्ये जुना संकेत आहे. तो पाळून आईने पाच वर्षं पूर्ण झालेल्या केइकोला जून महिन्यात पियानोच्या पहिल्या धड्याला नेलं. पुढे यामाहाच्या संगीतसंस्थेत त्या घडल्या, ‘कॉसमॉस’ नावाच्या वाद्यवृंदात वाजवू लागल्या. लग्न झालं ते शाकुहाची ही जपानी बासरी वाजवणारे निर्माते काझू मात्सुई यांच्याशी. मधुचंद्रासाठी राखलेले पैसे दोघांनी ध्वनिमुद्रणाला लावले आणि १९८७ मध्ये ‘अ ड्रॉप ऑफ वॉटर’ हा पहिला अल्बम अमेरिकेत आला. २००१ मध्ये त्यांचा ‘डीप ब्लू’ बिलबोर्डच्या समकालीन जॅझच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

त्यांच्या संगीताला ‘स्मूथ जॅझ’ म्हणतात. यात धून ठळक असते, ताल संथ आणि स्थिर. तबल्याच्या एकलवादनात लेहरा जसा एकसारखा चालू राहून वादकाला आधार देतो, तसा इथे बास गिटार आणि ड्रम्सचा ठेका आधार देतो. पहिल्यांदा ऐकताना तो ठेकाच धरा. मांडीवर हात आपोआप पडू लागला की मग लक्ष पियानोकडे न्या.

पियानोची पट्टी दाबली की सूर उमटतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. त्याला वाढवता येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत जाता येत नाही. शाकुहाचीला हे दोन्ही जमतं. ही बांबूची उभी बासरी, पाच छिद्रांची, सुमारे ५४ सेंटिमीटर लांब. फुंकीबरोबर श्वासाची खरखरही सुरात मिसळते. मात्सुईंच्या सुरुवातीच्या अल्बममध्ये ही दोन वाद्यं शेजारी येतात. आपल्याला बासरीतली मींड ओळखीची आहे, म्हणून शाकुहाचीचा वळणारा सूर लगेच जवळचा वाटेल. पण तेवढ्यावर थांबू नका. तो सूर येण्याआधी पियानो कुठे आवरतं घेतो, ते ऐका. मला या बाईंची खरी कला तिथे दिसते: दुसऱ्यासाठी जागा करून देण्यात.

ही जागा त्यांनी पुढेही अनेकांना दिली. २००७ चा ‘मोयो’ घ्या. स्वाहिली भाषेत मोयो म्हणजे हृदय. त्यात दक्षिण आफ्रिकेचे ह्यू मासेकेला फ्लूगलहॉर्न घेऊन येतात. या वाद्याचा आवाज ट्रम्पेटपेक्षा मऊ आणि भरदार असतो.

आणि २०११ मध्ये अमेरिकी पियानोवादक बॉब जेम्स यांच्यासोबत ‘अल्टेअर अँड व्हेगा’ आला. एकच पियानो, चार हात. शीर्षकातले दोन तारे तुमच्या ओळखीचे आहेत: आपले श्रवण आणि अभिजित. जपानी कथेत श्रवण हा गुराखी आणि अभिजित ही विणकरीण. दोघांच्या मध्ये आकाशगंगा वाहते, आणि वर्षातून एकदाच, तानाबाताच्या सणाला, त्यांची भेट होते. एकाच पियानोवर बसलेल्या दोघांना एकमेकांच्या हातांसाठी पट्ट्या मोकळ्या सोडाव्याच लागतात. डोळे मिटून ऐका, कोणती ओळ कोणाची हे काही वेळाने सांगता येईनासं होतं.

पावसाळा सरला की एखाद्या निरभ्र संध्याकाळी गच्चीवर ते दोन तारे शोधा आणि ही चौहाती जुगलबंदी लावा. जिथे पियानो थांबेल, तिथे तुमची दाद द्या.